मीठ मागायला कधी जाणार?

*मावशी, आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. यजमान पाळक आहेत. तीन वर्षांपूर्वी सेवेसाठी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगल तालुक्यातल्या एका गावात आलो. मंडळी सगळी कानडी. मी बायकांसाठी शिवणवर्ग चालवते, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते, थंडीत चादरी वाटल्या. सगळ्या तोंडभर 'अम्मावरु' म्हणतात, पण काम झालं की उठून जातात. घरी कुणी बोलावत नाही. आम्ही मराठी म्हणून असेल. पुस्तकावरून कन्नड शिकले, पण तोंडात येत नाही. मी कुणाला त्रास दिलेला नाही. तीन वर्षांत कुणाच्या दारात चिमूटभर मीठ मागायलाही गेले नाही. आता परत जावंसं वाटतं. काय करू?*

अगं, ते मिठाचं वाक्य तू अभिमानाने लिहिलंस. मी मात्र तिथेच थांबले.

तीन वर्षं! गावात राहायचं आणि शेजारणीकडे वाटीभर साखर नाही, विरजण नाही, मीठ नाही? किराणा बेळगावहून महिन्याचा एकदम भरत असशील. तापाने फणफणलीस तरी दार लावून पडत असशील. मग त्या बायकांनी तुझ्या घरी यायचं कशाला? तुझ्याकडे शिलाई मशीन, पुस्तकं, चादरी, आणि त्यांच्याकडे तुला हवंसं काहीच नाही, हे तूच त्यांना रोज सांगते आहेस. नुसतं देत राहणाऱ्या माणसाला लोक नमस्कार करतात आणि मनात विचारतात, हिला आपल्याकडून नेमकं काय पाहिजे? तू मीठ मागितलं असतंस तर निदान त्याचं तरी उत्तर मिळालं असतं.

मराठीपणाचं कारण पुढे करू नकोस. १ नोव्हेंबरला इथे एका बाजूला राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा आणि दुसऱ्या बाजूला मराठी भाषिकांचा काळा दिन, हे आम्ही वर्षानुवर्षं बघतो. दुसऱ्या दिवशी बाजारात तीच माणसं एकमेकांच्या भाषेत वांग्यांचा भाव पाडतात.

मी निपाणीची, दिलेली गोकाकला. सासरी पहिले सहा महिने काहीही विचारलं की माझं एकच उत्तर, "येतं मला." घरात माझ्याशी कुणी चार वाक्यं बोलत नव्हतं. एकदा त्यांची ती कागदासारखी कडक रोट्टी माझ्या हातून तव्यावर तीनदा फाटली. रडकुंडीला येऊन म्हटलं, शिकवा. सासूबाई अर्धा तास बोलत होत्या. निम्मं कळलं नाही, पण माझं कन्नड त्या चुलीपाशीच सुरू झालं.

तुझं पुस्तकातून होत नाही म्हणतेस, होणारही नाही. बासेल मिशनचे धर्मप्रचारक किटेल १८५३ साली जर्मनीहून आले, धारवाड-मंगळूरकडे राहिले. त्यांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ साली छापला गेला, ७०,००० च्या आसपास शब्दांचा. इतके शब्द "ह्याला काय म्हणता हो?" असं दारोदार आणि पंडितांपुढे विचारल्याशिवाय जमतात का?

मी ख्रिस्ती नाही, पण शाळा मिशनची होती, म्हणून याकोबाच्या विहिरीची गोष्ट पाठ आहे. येशू दमून विहिरीपाशी बसला होता, जवळ पोहरासुद्धा नव्हता. शोमरोनी बाई आली. यहुदी त्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत. त्याने आधी उपदेश केला नाही, चादर दिली नाही. प्यायला पाणी मागितलं. बाई चकित झाली आणि बोलायला लागली. लूकच्या दहाव्या अध्यायातही शिष्यांना धाडताना थैली नेऊ नका, ज्या घरात जाल तिथे वाढतील ते खा, असंच सांगितलंय ना? हे तुमच्या साहेबांनी कितीदा तरी वाचून दाखवलं असेल. तू तर थैली भरून आलीस, आणि तीन वर्षं ती रिकामी होऊ दिली नाहीस.

परत जायचं की नाही ते आत्ता ठरवू नकोस. उद्या शिवणवर्गाला सुट्टी दे. शेजारच्या अव्वांच्या दारात रिकामी वाटी घेऊन उभी राहा आणि म्हण, "स्वल्प उप्पु कोड्री." म्हणजे थोडं मीठ द्या. तीन शब्द आहेत, त्यातला पहिला तर आपलाच आहे. चुकलीस तर त्या हसतील. हसू दे. बस म्हणतील, तर बस. चहा ठेवतील, तर "नको, आत्ताच झाला" हे आपलं ठरलेलं वाक्य गिळून टाक आणि पी. उलट काही न्यायची घाई करू नकोस, आठवडाभर तरी ते मीठ उधारच राहू दे.

आणि जाशील ती सकाळी जा. दिवेलागणीनंतर मीठ देत नाहीत. तू मानत नसशील, अव्वा मानत असतील.