शेळीच्या मेंदूतल्या व्हेंट्रिकलची भिंत: एपेन्डायमा आणि कोरॉइड प्लेक्सस स्लाइडवर कसे ओळखायचे?

तुम्ही विचारलंय की शेळीच्या व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) भिंतीत नेमकं काय असतं आणि स्लाइडवर एपेन्डायमा (पोकळीचं आतलं अस्तर) नि कोरॉइड प्लेक्सस (तो द्रव, म्हणजे सीएसएफ, तयार करणारी रक्तवाहिन्यांची झालर) वेगळे कसे ओळखायचे. आधी सेक्शन (मेंदूचा पातळ काप) कुठल्या जागेचा आहे ते बघा, ते माहीत नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं, कारण ही भिंत सगळीकडे सारखी नसतेच.

व्हेंट्रिकल म्हणजे दोन लॅटरल (बाजूची), मग थर्ड, मग फोर्थ, आणि थर्ड-फोर्थला जोडणारी बारीक नळी म्हणजे ॲक्विडक्ट, हे तुम्हाला माहीत असेलच. पण माणसाच्या मेंदूची चित्रं डोक्यात ठेवून शेळीचा मेंदू कापला की हमखास गोंधळ होतो. शेळीत लॅटरल व्हेंट्रिकल पुढे पार ऑल्फॅक्टरी बल्बपर्यंत (वास ओळखणाऱ्या भागापर्यंत) गेलेलं असतं. आणि दोन्ही बाजूंचे थॅलॅमस (मेंदूच्या आतले दोन मोठे गोळे) मध्ये इतके जाड जोडलेले असतात की थर्ड व्हेंट्रिकल त्या जोडाभोवती अंगठीसारखं फिरतं, त्यामुळे आडव्या (ट्रान्सव्हर्स) सेक्शनमध्ये एक भोक वर आणि एक खाली दिसतं, मुलं ती दोन वेगळी व्हेंट्रिकल समजतात, पण ते एकच आहे.

आता मुख्य मुद्दा. एपेन्डायमा म्हणजे पेशींचा एकेरी थर, घनाकार किंवा थोड्या उंच पेशी, टोकाला सिलिया (केसांसारखे हलणारे धागे), आणि खाली लगेच मेंदूचंच ग्लियल जाळं (आधार देणाऱ्या पेशींचं), मध्ये सलग बेसमेंट मेम्ब्रेन (पेशींखालचा पातळ पडदा) नाही. प्लेक्ससवरही एकेरी घनाकार पेशीच असतात म्हणून फसायला होतं. तर पेशी बघत बसू नका, पेशींच्या खाली बघा. सैल कनेक्टिव्ह टिश्यू आणि रक्ताने भरलेल्या रुंद केशिका दिसल्या की तो प्लेक्सस. लॅटरल, थर्ड, फोर्थ तिन्हीकडे तो असतो, ॲक्विडक्टमध्ये नसतो.

कामातला फरक तर मला फारच सुंदर वाटतो: प्लेक्ससच्या केशिकांना छिद्रं असतात, म्हणून अडवायचं काम वरच्या पेशी टाइट जंक्शनने (शेजारच्या पेशींमधल्या घट्ट सांध्याने) करतात, साध्या एपेन्डायमात तशी जंक्शन नसल्यामुळे आतलं सीएसएफ आणि मेंदूच्या पेशींमधलं पाणी यांची देवाणघेवाण चालू राहते. अपवाद थर्डच्या तळाशी, तिथे टॅनिसाइट नावाच्या वेगळ्या एपेन्डायमा पेशी असतात, सिलिया कमी, लांब शेपटी हायपोथॅलॅमसमध्ये (थॅलॅमसच्या खालच्या भागात) गेलेली, आणि टाइट जंक्शनही. ॲक्विडक्टच्या तोंडाशी छतात अचानक उंच, दाटीवाटीच्या पेशी दिसल्या तर घाबरू नका, तो ट्यूमर नाही, सबकमिशुरल ऑर्गन (एपेन्डायमाचाच एक स्रवणारा भाग) आहे, रवंथ करणाऱ्या जनावरांत चांगला वाढलेला असतो.

शेळीच्या व्हेंट्रिकलवर जुनं कामही खूप मोलाचं आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॅपेनहायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 मध्ये भूल न दिलेल्या शेळ्यांच्या व्हेंट्रिकलमधून द्रव फिरवून सीएसएफ कसं तयार होतं आणि शोषलं जातं ते मोजलं, आणि 1967 मध्ये जागं ठेवलेल्या शेळ्यांच्या सीएसएफमध्ये झोप आणणारं काहीतरी असतं हे दाखवलं.

स्लाइड चांगली हवी असेल तर मेंदू लवकर काढा, एपेन्डायमा मेल्यावर पटकन सुटतो आणि सिलिया आधी जातात. अख्खा मेंदू फॉर्मालिनमध्ये टाकला तर आत पोचेपर्यंत उशीर होतो, म्हणून वरून चीर देऊन व्हेंट्रिकल उघडं करा. सेक्शन इंटरव्हेंट्रिक्युलर फोरामेनच्या (लॅटरल आणि थर्डला जोडणाऱ्या छिद्राच्या) जरा मागून घ्या, प्लेक्सस जिथे भिंतीला चिकटतो तिथे दोन्ही थर शेजारी शेजारी दिसतील.