गेटवेवर स्नॅपशॉट: टाकण्याआधी न टाकता बघा

तुमचा प्रश्न असा: युनिटच्या गेटवेसाठी (म्हणजे कारखान्याचं नेटवर्क इंटरनेटला जोडणाऱ्या मशीनसाठी) नवा छोटा पीसी घेतला, ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचं चालू रिलीज टाकलं, पण दुसरं नेटवर्क पोर्ट दिसत नाही. कुणीतरी म्हणालं, "स्नॅपशॉट (चालू विकासातली ताजी आवृत्ती) टाका, त्यात दिसेल." टाकावा का?

आधी ते पोर्ट खरंच दिसतं का ते बघा. त्यासाठी डिस्कला हात लावायची गरज नाही. स्नॅपशॉटची इन्स्टॉल इमेज पेनड्राइव्हवर उतरवा आणि त्यावरून मशीन सुरू करा. इन्स्टॉल, अपग्रेड, ऑटोइन्स्टॉल की शेल, असं विचारलं जाईल. तिथे शेल निवडा आणि डीमेसेग (dmesg) चालवा; मशीनला सुरू होताना कोणकोणतं हार्डवेअर सापडलं त्याची यादी ते दाखवतं. दहा मिनिटांचं काम. मी हे न करता थेट अपग्रेड करून बसलो होतो, आणि नेटवर्क कार्ड तरीही दिसेना. म्हणजे दुखणं तेच राहिलं आणि वर परतीची वाटही बंद.

परतीचं मुद्दाम सांगतो, कारण बरेच जण स्नॅपशॉटला "जरा नवीन व्हर्जन" समजतात. सोलापूरसारख्या चादर-टॉवेलच्या गावात हे समजावणं सोपं आहे. रिलीज म्हणजे तपासून, घडी घालून, गठ्ठा बांधलेला माल. स्नॅपशॉट म्हणजे चालू मागावरून आज उतरलेलं कापड. बहुतेकदा स्वच्छच असतं, पण तपासणीच्या टेबलावरून गेलेलं नसतं. विकासाची जी शाखा चालू असते, तिला करंट म्हणतात. तिच्यातून हे स्नॅपशॉट बनतात, एएमडी६४ साठी (म्हणजे नेहमीच्या ६४-बिट पीसीसाठी) जवळजवळ रोज. कधीकधी तर मुख्य कोडमध्ये अजून न घेतलेले बदलही चाचणीसाठी त्यात घातलेले असतात. रिलीज वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. स्नॅपशॉटवरून जुन्या रिलीजवर मागे येणं म्हणजे नव्याने इन्स्टॉल करणं. हां, पुढचं रिलीज यायच्या आधीचा स्नॅपशॉट असेल, तर ते आल्यावर पुढे सरकून त्यावर स्थिरावता येतं. म्हणून मार्च किंवा सप्टेंबर चालू असेल तर माझा सरळ सल्ला: महिना-दीड महिना कळ काढा.

गेटवेच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त खटकतं ते सिसपॅचचं, म्हणजे तयार दुरुस्त्या बसवणाऱ्या कमांडचं. रिलीजवर सुरक्षेची दुरुस्ती आली की सिसपॅच चालवलं, झालं. स्नॅपशॉटवर सिसपॅच नाही. दुरुस्ती हवी तर पुढचा अख्खा स्नॅपशॉट घ्यायचा, आणि त्यात दुरुस्तीबरोबर आणखी काय आलंय हे त्याच दिवशी कळणार. म्हणजे गेटवे टाकून विसरून जायची सोय संपली.

तरीही टाकायचाच असेल, तर सिसअपग्रेड या अपग्रेडच्या कमांडला एस पर्याय (-s) देऊन चालवा. सही आणि चेकसम (फायली मूळच्या आणि पूर्ण आहेत का याची खूण) ते स्वतःच तपासतं. चेकसम जुळत नसेल तर घाबरू नका. मिररवर (फायली जिथून उतरतात त्या सर्व्हरवर) नव्या फायली अर्धवट पोचलेल्या असतात. तासाभराने परत करा. नंतर पॅकेजेस अपडेट करताना एखादी लायब्ररी सापडत नाही अशी कुरकुर झाली, तर पॅकेजेस मूळ प्रणालीच्या मागे पडलेली आहेत एवढाच अर्थ. एक-दोन दिवस थांबायचं. जुनी पॅकेजेस बहुतेक चालू राहतात, कारण जुन्या लायब्ररी अपग्रेडमध्ये पुसल्या जात नाहीत. रिलीज तोंडावर आलं की स्नॅपशॉटच्या नावातली बीटा ही शेपटी गळते आणि पॅकेजेस बसवणारी पीकेजी-ॲड ही कमांड अजून न आलेल्या रिलीजची पॅकेजेस शोधू लागते. तेव्हा डी-स्नॅप (-D snap) हा पर्याय द्यावा लागतो. यात नवखे हमखास अडकतात.

आता विजेचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मेव्हण्याच्या कारखान्यात मी मे महिन्यातल्या भर दुपारी अपग्रेड लावलं. मशीन रीबूट होऊन नव्या फायलींचे संच उलगडत होतं, आणि लाइट गेली. यूपीएसच्या बॅटरीने कधीच मान टाकली होती, हे मला तेव्हा कळलं. अर्धी प्रणाली नवी, अर्धी जुनी. पेनड्राइव्हवरून सुरू करून परत अपग्रेड निवडलं, एफएससीके (डिस्कची तपासणी) होऊ दिलं आणि तासाभरात उभं राहिलं. पण तो तासभर मागांच्या खडखडाटात मेव्हणा डोक्यावर उभा होता, "काय वो, नेट कधी येणार?" तेव्हा संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी करा, पीएफचे (ओपनबीएसडीच्या फायरवॉलचे) नियम आणि ईटीसी हे सेटिंग्जचं फोल्डर आधी दुसरीकडे उतरवून ठेवा आणि जुना गेटवे पुसू नका. केबल बदलली की तो पाच मिनिटांत कामाला लागतो.

माझं मत विचाराल तर: स्नॅपशॉट घरच्या लॅपटॉपवर बिनधास्त चालवा, मी स्वतः तेच करतो. युनिटच्या गेटवेवर मात्र चालू रिलीजला ओळखता येणारं एखादं साधं कार्ड बसवा. छोट्या पीसीत स्लॉट नसेल तर यूएसबीचं घ्या, वेग जरा कमी मिळेल.

पण आधी पेनड्राइव्हची ती चाचणी. डीमेसेगमध्ये त्या पोर्टच्या ओळीच्या शेवटी "नॉट कन्फिगर्ड" दिसलं, तर स्नॅपशॉटचाही उपयोग नाही. ती पूर्ण ओळ इथे टाका, चिप कोणती ते बघून पुढचं सांगतो.