२०२४-२५ चा रणजी अंतिम सामना अनिर्णित राहिला, तरी विदर्भ विजेता कसा ठरला?

पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर. रणजीच्या बाद फेरीत पाच दिवसांत निकाल लागला नाही, तर पहिल्या डावात पुढे असलेला संघ विजयी धरतात. नागपूरजवळच्या जामठ्यात विदर्भाने ३७९ केल्या, केरळ ३४२ वर संपला. म्हणून खरा सामना केरळचा शेवटचा गडी पडला तिथेच निम्मा ठरला होता. कर्णधार सचिन बेबी ९८ वर बाद झाला, तो क्षण सर्वांत महागात पडला. त्यानंतर विदर्भाला धावांची घाई नव्हती, फक्त वेळ काढायचा होता. करुण नायरच्या १३५ धावांनी तो निघाला आणि ९ बाद ३७५ वर खेळ थांबला. त्याआधी पहिल्या डावात विदर्भाची ३ बाद २४ अशी अवस्था असताना दानिश मालेवारने (१५३) नायरच्या (८६) साथीने २१५ धावांची भागी केली. माझ्या मते विजेतेपद त्या भागीदारीचं आहे.

नियम अन्यायकारक वाटत असेल, तर हेही पाहा: केरळ उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरविरुद्ध १ आणि उपांत्य फेरीत गुजरातविरुद्ध २ धावांच्या आघाडीवरच पुढे आला होता.

मात्र साखळी फेरीत अशी आघाडी म्हणजे विजय नव्हे. तिथे अनिर्णित सामन्यात आघाडीला ३ गुण, प्रतिस्पर्ध्याला १. निर्णायक विजयाला ६, आणि डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास ७.