प्रॉडक्शन म्युझिक लायब्ररीला ट्रॅक पाठवायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

लॅपटॉपवर केलेले दहा-पंधरा ट्रॅक तयार आहेत, पण या क्षेत्रात ओळख कुणाशी नाही, मग पाठवायचे कसे, असं तुम्ही विचारलंय. अशी लायब्ररी म्हणजे मालिका, जाहिराती, माहितीपट यांना तयार संगीत वापरायला देणारी कंपनी. तिथे ओळखीवाचून काही अडत नाही. बहुतेक लायब्ररींच्या वेबसाइटवर संगीतकारांसाठी वेगळं पान असतं, तिथे सांगितलंय तसंच पाठवा. सांगितलं नसेल तर तीन-चार उत्तम ट्रॅकची एक लिंक पुरते. मेलला जड फाइली जोडू नका.

खरं काम त्याआधीचं आहे. लंडनच्या डी वुल्फने 1909 साली, मूकपटांच्या काळात हा धंदा सुरू केला, तेव्हापासून गरज एकच आहे: चित्राला साथ देणारं, हवं तिथे कापता येणारं संगीत. तुमच्या ट्रॅकवर निवेदन बोललं जाणार आहे. त्यामुळे वीस सेकंदांची आलापी आणि मग ठेका, ही मैफलीची मांडणी इथे चालत नाही, एडिटर तोवर पुढच्या ट्रॅकवर गेलेला असतो. सुरुवातीलाच मूड कळू द्या आणि दोन-अडीच मिनिटं तोच धरून ठेवा. दर आठ-सोळा बारांनी एखादं वाद्य वाढवा किंवा काढा, म्हणजे कापायला जागा मिळते. शेवटी फेड-आउट नको. समेवर येणारी छोटी तिहाई घ्या आणि शेवटच्या ठोक्याची आस पूर्ण विरू द्या.

प्रत्येक ट्रॅकचे वेगळे मिक्सही आत्ताच काढून ठेवा: धून वगळलेला, फक्त तालाचा, 60 आणि 30 सेकंदांचा, शिवाय स्टेम्स, म्हणजे प्रत्येक वाद्याची किंवा वाद्यगटाची वेगळी फाइल. फाइल वेव्ह, 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, कारण व्हिडिओचं काम 48 वर चालतं.

माझं ठाम मत आहे की आपल्या मातीतली वाद्यं हीच तुमची सर्वांत मोठी ताकद ठरेल. परदेशी लायब्ररींत भारत म्हणजे बहुधा सतार, तबला आणि बॉलिवूड. तिथे खरा गोंधळी संबळ वाजवणारा आणून रेकॉर्ड केलात तर ते वेगळं उठून दिसतं. संबळाच्या लहान भांड्यावरची काठी कडक बोलते, मोठं भांडं घुमतं. दोन्हींना स्वतंत्र माइक द्या, स्टेम्स करताना फार उपयोग होतो. वादकाला मानधन द्या आणि रेकॉर्डिंग वापरण्याची लेखी संमती त्याच दिवशी घ्या. तयार लूप मात्र टाळा. तो रॉयल्टी-फ्री असला तरी दुसऱ्या कुणाच्या ट्रॅकमध्येही असतो, आणि यूट्यूबवर कंटेंट आयडीचा, म्हणजे संगीत आपोआप ओळखून हक्क सांगणाऱ्या यंत्रणेचा, वाद उभा राहतो.

करारात आधी पाहा, एक्स्क्लुझिव्ह आहे की नॉन-एक्स्क्लुझिव्ह. एक्स्क्लुझिव्ह असेल तर तो ट्रॅक दुसरीकडे देता येत नाही, म्हणून किती वर्षांसाठी हे विचाराच. काही ठिकाणी एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क घेतात. नाहीतर प्रक्षेपणाच्या रॉयल्टीत निम्मा वाटा प्रकाशकाचा, म्हणजे लायब्ररीचा, निम्मा संगीतकाराचा, अशी रीत आहे. हा संगीतकाराचा वाटा सोडू नका. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर भारतात रॉयल्टीतला समान वाटा कंपनीला लिहून देता येत नाही, तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. परदेशी करार मात्र बहुधा तिथल्या कायद्याखाली असतात, तेव्हा ते कलम वकिलाकडून वाचून घ्या.

पहिला करार होण्याआधी मुंबईच्या आयपीआरएसचे, म्हणजे संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचे, सभासद व्हा. तुमचा आयपीआय क्रमांक, म्हणजे जगभर चालणारा संगीतकाराचा ओळख क्रमांक, मिळतो, आणि क्यू शीटवर, म्हणजे कार्यक्रमात वापरलेल्या संगीताच्या यादीत, तोच नीट लागला तर परदेशी वाहिनीवरच्या वापराचे पैसे तिथल्या सोसायटीकडून आयपीआरएसमार्फत तुमच्यापर्यंत येतात. त्याला वर्ष-दीड वर्षही लागू शकतं, त्यामुळे शिकवण्या असोत की नोकरी, सध्या चालू ठेवा.