'डिमांड ऑफ ऑरेंजेस' की 'डिमांड फॉर ऑरेंजेस'?

'डिमांड फॉर ऑरेंजेस' बरोबर. जी वस्तू हवी असते तिच्याआधी 'फॉर' येतं. नागपुरात बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. कळमना मार्केटवर परिच्छेद लिहायला दिला की हमखास 'ऑफ' येतो, कारण मराठीत 'संत्र्यांची मागणी' आणि 'शेतकऱ्यांची मागणी' दोन्हीकडे 'ची'च लागतो. इंग्रजीत 'ऑफ'ने मागणारा कळतो: 'द डिमांड्स ऑफ द फार्मर्स'. 'राइज इन प्राइसेस', 'रीझन फॉर द डिले', 'सोल्यूशन टू द प्रॉब्लेम' हेही असेच जोडीनेच पाठ करा, नियम शोधत बसू नका. मात्र 'डिमांड' क्रियापद असेल तर 'फॉर' अजिबात नको: 'दे डिमांडेड अ बेटर प्राइस'.