बाहेरच्या नोकरीसाठी ड्रॉइंग वाचायची तयारी: चिन्हं पाठ करू नका, सिग्नलचा माग काढा

तुमचा प्रश्न असा, की हायड्रॉलिक प्रेसच्या मेंटेनन्सचा अनुभव आहे, तेलाचं सर्किट समजतं, आता टेक्निशियन म्हणून युरोपात किंवा अमेरिकेत जायचं आहे. तर इन्स्ट्रुमेंटेशन आणि कंट्रोलच्या ड्रॉइंगची तयारी कुठून सुरू करावी, आणि सगळी चिन्हं पाठ करावी लागतील का? मी जर्मनीत हेच काम करतो. त्याआधी अमेरिकन बनावटीच्या यंत्रांवर हात बसला होता, म्हणून दोन्हीकडचं लिहितो.

चिन्हं कामाच्या ओघात डोळ्यांत बसतात, त्यांची काळजी करू नका. माणूस अडतो तो दुसरीकडे. एका यंत्राची तीन-चार प्रकारची ड्रॉइंग असतात: तेलाचं किंवा हवेचं सर्किट, इलेक्ट्रिकल, पी अँड आयडी (पाइप आणि त्यांवरची मोजमापाची, कंट्रोलची उपकरणं दाखवणारा आराखडा) आणि कधी सीक्वेन्सचा, म्हणजे हालचालींच्या क्रमाचा तक्ता. प्रत्येकाचे नियम वेगळे, आणि बिघाड मात्र या सगळ्या कागदांतून आरपार गेलेला असतो. नुसता व्हॉल्व्ह ओळखणारे पुष्कळ भेटतात. सेन्सरपासून सिलेंडरपर्यंत एक सिग्नल न तुटता नेणारे कमी, आणि मुलाखतीत तेच पाहतात.

तेलाच्या सर्किटचं तुम्हाला बरंच येतं, म्हणून थोडक्यात. चिन्हांसाठी आयएसओ १२१९ या आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग १, सर्किटच्या मांडणीसाठी भाग २. भरीव त्रिकोण म्हणजे तेल, पोकळ म्हणजे हवा. अखंड रेषा मुख्य लाइनची, तुटक रेषा पायलटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दाबाची) किंवा ड्रेनची (गळतीचं तेल टँकला नेणारी). हवेच्या व्हॉल्व्हवर पोर्टना, म्हणजे जोडणीच्या तोंडांना, आकडे असतात: १ पुरवठा, २ आणि ४ आउटपुट, ३ आणि ५ एक्झॉस्ट. १४ लिहिलेलं दिसलं तर समजायचं, की हा सिग्नल आला की १ आणि ४ जोडले जातात. एवढं कळलं की न्यूमॅटिकचं अर्धं ड्रॉइंग उलगडतं.

आता खरी अडचण. ‘एलएस’ ही दोन अक्षरं घ्या. हायड्रॉलिक सर्किटमध्ये ती लोड सेन्सिंगची, म्हणजे भाराचा दाब पंपाला कळवणारी लाइन. अमेरिकन जुन्या लॅडर ड्रॉइंगमध्ये (शिडीसारखं काढलेलं इलेक्ट्रिकल सर्किट) तोच लिमिट स्विच. आणि आयएसए ५.१ या अमेरिकन मानकाप्रमाणे काढलेल्या पी अँड आयडीवर लेव्हल स्विच. एकाच यंत्राच्या फायलीत तिन्ही सापडू शकतात. ‘पी’चंही तसंच: कुठे पंपाचा पोर्ट, कुठे प्रेशर, कुठे न्यूमॅटिक माध्यमाचा कोड. म्हणून कुठलाही कागद उघडला की आधी कोपऱ्यातला टायटल ब्लॉक आणि चिन्हांची सूची पाहायची, कुठलं मानक धरलंय ते कळू द्यायचं, मगच आत शिरायचं. ही सवय आत्तापासून लावा.

व्हॉल्व्हच्या कॉइलबद्दल (व्हॉल्व्ह सरकवणारं विद्युतचुंबक, म्हणजे सोलेनॉइड) विशेष सांगतो, कारण इथे चूक झाली तर सिलेंडर उलट्या दिशेने धावतो. दोन कॉइलना ‘ए’ आणि ‘बी’ म्हणतात, पण नाव देण्याच्या पद्धती दोन आहेत. एकीत, जी कॉइल चालू केल्यावर पी पोर्ट ए पोर्टला जुळतो ती ‘ए’. दुसरीत, व्हॉल्व्हच्या ज्या टोकाला ए पोर्ट आहे त्या बाजूची कॉइल ‘ए’, मग ती चालू केल्यावर तेल कुठेही जावो. बदली व्हॉल्व्ह बसवताना नावावर विसंबू नका. चिन्हातला कॉइलशेजारचा चौकोन पाहा, त्यातले बाण काय जोडतात तेच खरं.

इलेक्ट्रिकल कागदांत अमेरिकन लॅडर आडवी, कॉन्टॅक्ट म्हणजे दोन उभ्या रेघा, रिलेची कॉइल गोल. युरोपीय ड्रॉइंगमध्ये बहुतेक वेळा प्रवाह वरून खाली, कॉन्टॅक्ट तिरकी रेघ, कॉइल आयत. सेन्सरच्या नावात बी हे अक्षर, सोलेनॉइडच्या नावात अनेक कारखान्यांत अजूनही वाय. रिलेच्या कॉइलखाली ५.३ असं काही दिसलं, तर बहुधा तिचा कॉन्टॅक्ट पान ५, रकाना ३ मध्ये आहे. या क्रॉस-रेफरन्सवर बोट ठेवून पानं उलटायचा सराव करा. पी अँड आयडीवर साधं वर्तुळ म्हणजे उपकरण जागेवर बसवलेलं, मधून आडवी अखंड रेघ म्हणजे कंट्रोल रूमच्या पॅनेलवर, चौकोनातला हिऱ्याचा आकार म्हणजे बहुतेक वेळा पीएलसी (यंत्र चालवणारा प्रोग्रामेबल कंट्रोलर).

सगळे कागद एकत्र कसे वाचायचे, ते एका उदाहरणाने दाखवतो. तक्रार: क्लॅम्प काम नीट धरत नाही, पण स्क्रीनवर २०० बार दिसतात. सर्किटमध्ये क्लॅम्पच्या लाइनवर प्रेशर ट्रान्समीटर (दाब मोजून विद्युत सिग्नल देणारं उपकरण) आणि त्याच्या शेजारी टेस्ट पॉइंट सापडतो. तिथे गेज लावला तर १२५ बार. मग ट्रान्समीटरचा टॅग (ड्रॉइंगवरचा ओळख-क्रमांक) धरून इलेक्ट्रिकल ड्रॉइंगमध्ये टर्मिनल शोधायचं, लूपमध्ये मीटर लावायचा: १२ मिलिअँपिअर. ४ ते २० च्या सिग्नलमध्ये १२ म्हणजे बरोबर निम्मं. ट्रान्समीटरच्या प्लेटवर ० ते २५० बार, म्हणजे १२५ बरोबर. पण पीएलसीत रेंज ० ते ४०० भरलेली, त्याचं निम्मं २००. एकही भाग खराब नाही. कुणीतरी वेगळ्या रेंजचा ट्रान्समीटर बसवला आणि प्रोग्राम तसाच राहिला. पंप उघडून बसणाऱ्याला हे दिवसभर सापडणार नाही.

मुलाखतीत हमखास येणारा एक प्रश्न: पायलट ऑपरेटेड चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने सोडणारा, उलट दिशेला पायलट दाबानेच उघडणारा) असलेल्या सर्किटमध्ये ४/३ व्हॉल्व्हची (चार पोर्ट, तीन स्थिती) मधली स्थिती कशी हवी? ए आणि बी दोन्ही टँकला जोडलेले. ते बंद ठेवले तर पायलट लाइनमध्ये दाब अडकून चेक व्हॉल्व्ह पक्का बसत नाही, आणि भार हळूहळू सरकतो. उत्तराबरोबर हे कारणही सांगा.

आणि हे मनापासून सांगतो: कुठलंही फिटिंग सोडण्याआधी सर्किटमध्ये ॲक्युम्युलेटर (दाबाखालचं तेल साठवणारं भांडं) शोधा आणि तो रिकामा करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते पाहा. पंप बंद केला तरी तिथे दाब तसाच असतो. बारीक छिद्रातून उडालेलं तेल कातडीत घुसतं, आणि वरून जखम किरकोळ दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते. बाहेर गेल्यावर, नवीन जागी, घाईत असताना तर हे नक्की पाळा.

एककांचं थोडक्यात: १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटर, ब्रिटिश ४.५४६. पाइपच्या आट्यांची मानकं दोन, अमेरिकन एनपीटी आणि ब्रिटिश बीएसपी; अर्ध्या इंचात दोन्हींना इंचाला १४ आटे, त्यामुळे एकात दुसरं थोडं फिरतं आणि बसल्यासारखं वाटतं. पण आट्याचा कोन अनुक्रमे ६० आणि ५५ अंश, गळती ठरलेली. फिटिंगचं मानक ड्रॉइंगवरून किंवा पार्ट लिस्टमधून तपासा.

सरावासाठी तुमच्याच प्रेसचा पूर्ण ड्रॉइंग सेट मागून घ्या. एक हालचाल निवडा, म्हणजे समजा रॅम खाली येणं. बटणापासून पीएलसी इनपुट, आउटपुट, कॉइल, व्हॉल्व्ह, सिलेंडर, परत लिमिट स्विच, हा माग एका कोऱ्या कागदावर पान क्रमांकांसह लिहा. मग यंत्रापाशी उभं राहून प्रत्येक टॅग प्रत्यक्ष शोधा. अशा दहा-बारा हालचाली झाल्या की परका सेटही परका वाटणार नाही.

कुठल्या प्रकारच्या यंत्रांवर जाणार ते ठरलं की कळवा. एक्स्कॅव्हेटरसारखी फिरती यंत्रं असतील तर क्रम बदलावा लागेल: लोड सेन्सिंग आणि कॅन बस (यंत्रातल्या कंट्रोलरना जोडणारं नेटवर्क) आधी, पी अँड आयडी नंतर.