ऑपॉर्च्युनिटीचं मूळ शोधतोयस तर
शब्दांची मुळं शोधण्यात नवीन आहेस म्हणून सांगतो, मोटिव्हेशनवाल्या पोस्टमधलं शब्दाचं मूळ लगेच खरं धरत जाऊ नकोस, पण ऑपॉर्च्युनिटी हा शब्द बंदरावरून आला, असं तिथे सांगतात ते खरंय बरं का. लॅटिनमधे ओब म्हणजे 'कडे' आणि पोर्तुस म्हणजे बंदर, त्यावरून ओपोर्तूनुस, बंदराकडे वाहणारा वारा, आता शिडाचं जहाज वाऱ्यावरच चालणार ना, मग हळूहळू अर्थ झाला सोयीचा, योग्य वेळेचा. रोमन लोकांचा बंदरांचा देव पण होता, पोर्तूनुस, त्याचा सण १७ ऑगस्टला. इंग्रजीत शब्द आला फ्रेंचमार्गे.

डिक्शनरी उघडलीस की पहिल्या अर्थावर थांबू नकोस, लॅटिनमधे ओपोर्तूनुस म्हणजे 'हल्ल्याला उघडा पडलेला' असंही व्हायचं, हे कुणी पोस्टरवर छापत नाही 😄 आणि विरुद्ध शब्द पण बघ, इम्पोर्तूनुस, गैरसोयीचा, त्रासदायक. मला तर विरुद्ध शब्दातूनच मूळ जास्त पटतं.

आपल्या 'संधी'ला मात्र यात ओढू नकोस, ती संस्कृत सम् अधिक धा, एकत्र ठेवणं, सांधा, व्याकरणातली संधी पण तीच. 'मोका' अरबीतून आलाय, तो वेगळाच विषय.